चाळीस दिवसांचं पथ्य

"ओ भाऊ, मोठ्या रस्त्यानं कशाला फिरवता? त्या पानाच्या टपरीमागून बोळ आहे ना, तिथून घ्या. पटकन निघू."

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. बॅटरीची रिक्षा, आवाज कसला तो नाही. त्यामुळे मागच्या माणसानं नुसता उसासा टाकला तरी पुढं ऐकू यायचा. "काका, पंचवटीतले का तुम्ही? कधी पाहिलं नाही."

"नाही ना जी. भद्रावतीचा मी, चंद्रपूरकडचा. काल संध्याकाळीच उतरलो नाशकात. आयुष्यात पहिल्यांदा."

"मग बोळ कसा माहीत?"

"माहीत कुठं आहे? नाव विचाराल तर सांगता नाही येणार. पण वळायचं तिथंच, हे आतून ठाऊक आहे बाप्पा!" आणि प्रमोद ठवकर आपल्याच बोलण्यावर खुशीत हसले. त्यांच्या उजव्या कानामागं बेलाच्या पानाएवढी, कातडीच्या रंगाची एक पट्टी चिकटवलेली होती. तशीच पट्टी त्यांच्या शेजारी बसलेल्या मंजिरी गायधनींच्या कानामागंही होती.

मंजिरीताईंचं मात्र बोलण्याकडं लक्ष नव्हतं. पस्तीस वर्षं ज्यांनी लोकांना नाशिक दाखवलं, परवानाधारक वाटाड्या म्हणून ज्यांचा फोटो यात्री निवासाच्या भिंतीवर होता, त्या मंजिरीताई रिक्षातून मान बाहेर काढून नव्यानं गावाला आलेल्या पोरासारख्या बघत होत्या. या रस्त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. डावीकडची पायरी कुणाच्या दुकानाची, तेही ठाऊक होतं. पण सगळं पुस्तकात वाचल्यासारखं. पायरी दिसली की आपलं पाऊल आपोआप उचलावं, ते काही होत नव्हतं.

पुढं, रिक्षावाल्याच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी केतकी मांडीवरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरची वरखाली होणारी रेघ बघत म्हणाली, "आई, कसं वाटतंय?"

"छान वाटतंय गं. इतकं काही आहे इथं, मी बघितलंच नव्हतं म्हणायचं."

केतकीला हेच तर हवं होतं. शहर परिचय केंद्रातली तिची सहा वर्षं या एका वाक्यासाठी गेली होती. एखादी गोष्ट काय आहे, हे मेंदू एका जागी ठेवतो आणि ती आपली आहे, हे दुसऱ्याच जागी. अंधारात हात घातला तरी मिठाच्या डब्यावरच पडतो, तो या दुसऱ्या जागेच्या जोरावर. केतकीच्या पट्टीला पहिल्या जागेशी देणंघेणं नव्हतं. नावं, तारखा, घटना जिथल्या तिथं राहत. पट्टी फक्त दुसऱ्या जागेतला परिचयसंकेत उचलायची आणि पाहुण्याच्या कानामागच्या पट्टीत सोडायची. मग पाहुणा चार दिवस गावकऱ्यासारखा हिंडे आणि गावकरी आपलंच गाव पाहुण्यासारखं बघे. पाहुण्याकडचा संकेत पाचव्या दिवशी विरून जाई. देणाऱ्याचा मात्र मुळापासून पुन्हा उगवून यायला चाळीस दिवस लागत, आणि त्या चाळीस दिवसांत एकच पथ्य: ज्या बारा ठिकाणांचा संकेत उचलला, तिथं फिरकायचं नाही.

पथ्य कशासाठी, हे केतकीनं आईला तिच्याच भाषेत सांगितलं होतं. "विरजण लावलेलं भांडं रोज हलवलं तर दही लागेल का? तसंच आहे. पट्टी काढल्यावर ओळखीचा नवा थर पातळ असतो. त्या वेळी ती जागा पुन्हा पाहिलीस, तर मेंदू तिथं 'हे परकं आहे' असं लिहून टाकतो. रोज पाहिलीस, तर रोज लिहितो."

आणि मग तिनं अर्जातला प्रश्न विचारला होता. "या बारा ठिकाणांखेरीज रोज न चुकता जातेस अशी एखादी जागा आहे का? असेल तर आधी सांग. ती आपण संकेतातून वगळू. रोजच्या जागेची मुळं फार खोल असतात, कुठं कुठं गेलेली असतात, ते आम्हालाही कळत नाही."

मंजिरीताई म्हणाल्या होत्या, "रोजची अशी नाही बाई कुठली."

खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पण नेम सांगायचा नसतो. सांगितला की त्याचं फळ सांगणाऱ्याच्या तोंडावाटे निघून जातं, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं, आईला तिच्या आईनं.

एकोणतीस वर्षं झाली होती. केतकी चार वर्षांची होती, मेंदूज्वर झाला होता, अकरा दिवस पोरीनं डोळा उघडला नव्हता. अकराव्या दिवशी पहाटे मंजिरी दवाखान्यातून निघाल्या त्या पाय नेतील तिकडं. गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, उतरणाऱ्या एका बोळात, दगडी भिंतीतल्या कोनाड्यात, शेंदूर फासलेला देवीचा तांदळा होता, नुसता बिनचेहऱ्याचा दगड. नाव कुणाला ठाऊक नाही, पुजारी नाही, उत्सव नाही. शेजारच्या बाईकडून बोटभर तूप मागून, पदराच्या सुताची वात वळून त्यांनी तिथं लावली आणि बोल दिला: मी आहे तोवर रोज, अन्नाचा कण तोंडात घालण्याआधी, माझ्या हातची वात तुझ्यापुढं लागेल. माझं लेकरू मला दे. कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी दुपारी केतकीनं डोळे उघडले आणि वरणभात मागितला.

तेव्हापासून वात चुकली नाही. नवऱ्यालाही ते कधी कळलं नाही, तो बिचारा तसाच गेला. रात्र गावाबाहेर काढायची नाही, म्हणून माहेरची लग्नं राहिली, काशी राहिली, आणि चेन्नईला केतकीचा पदवीदान समारंभही राहिला. "मला प्रवास सोसत नाही," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. "नाशिक ते पुणे तरी कधी सोसून पाहिलास?" केतकी तेव्हा म्हणाली होती आणि पुढं दोन महिने फोनवर तुटक बोलली होती.

म्हणूनच तर या प्रयोगाला त्या हो म्हणाल्या. आधीच्या देणाऱ्यांचे संकेत उथळ निघाले होते. हा शेवटचा प्रयत्न फसला तर केंद्र बंद आणि केतकी पुन्हा चेन्नईला. एकदा पोरीच्या आनंदाला नाही म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हणवेना. तीन दिवस पट्टी लावून त्या बाराही ठिकाणी हिंडल्या. पट्टी क्षणभरही काढायची नाही, असं सांगितलं होतं. तिन्ही दिवस पहाटे त्या कोनाड्यापाशी गेल्या, तेव्हाही पट्टी कानामागं होती.

रिक्षा काळारामाच्या दारात थांबली. मंजिरीताई आत गेल्या आणि उभ्याच राहिल्या. एवढा काळा दगड! ओला नसतानाही ओला वाटणारा. त्यांनी खांबाला तळहात लावला. हजारदा लोकांना सांगितलेली वाक्यं आठवत होती, पण ती सांगताना आपण एकदाही वर बघितलं नाही, हे आज कळलं. डोळ्यांत पाणी आलं. देवा, तू एवढा देखणा आहेस होय!

ठवकर मात्र चप्पल बरोबर कोपऱ्यातल्या खांबामागं सरकवून, दोन मिनिटांत दर्शन उरकून बाहेर आले. "गर्दी फार वाढली बाई हल्ली," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "हे बाहेरचे लोक येतात, वाट अडवून फोटो काढत बसतात."

केतकी तोंडावर हात धरून हसली. ठवकरांनाही चूक कळली. "अरे हो, मीच की बाहेरचा!" म्हणून तेही हसत सुटले.

कपालेश्वरापाशी तेच झालं. "महादेवासमोर नंदी नसलेलं हे देऊळ," असं सांगता सांगता मंजिरीताईंची नजर त्या मोकळ्या जागेवर गेली आणि अंगावर काटा आला. ठवकर म्हणाले, "असू द्या, ते आहेच." रामकुंडाशी आल्यावर दुतोंड्या मारुतीकडं बघून मात्र त्यांचा चेहरा उतरला. "यंदा छातीपर्यंत पाणी चढायला नको. दुकानदारांचे हाल होतात." भद्रावतीचा निवृत्त वनरक्षक, ज्यानं हा पूर कधी पाहिला नाही, तो पुराची काळजी करत होता, आणि जिनं सतरा पूर पाहिले, तिला समोर दोन तोंडांची एक मोठी मूर्ती दिसत होती, बस.

केतकीला केंद्रातून फोन आला. ती घाटावर बोलत थांबली. ठवकर कुणी न सांगता डावीकडच्या बोळात वळले. मंजिरीताईंनी हाक मारली, "अहो, तिकडं काही नाही बघण्यासारखं." ते थांबले नाहीत. त्या मागोमाग गेल्या.

कोनाड्यापाशी ठवकर गुडघ्यांवर बसले होते. पहाटेची वात विझून गेली होती, काजळीचा ठिपका उरला होता. धिप्पाड माणूस तो, खांदे गदगदत होते.

"काय होतंय तुम्हाला? पाणी देऊ का?"

"ताई, माझी पोरगी." त्यांना धड बोलवेना. "माझी पोरगी इथं... मी इथं तिच्यासाठी काय काय मागितलं हो. ताप होता तिला. नाही, ताप होता हे मला ठाऊक नाही. पण तिच्यासाठी जीव तुटतोय, तो इथंच तुटतोय."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"नाही ना." त्यांनी ओल्या चेहऱ्यानं वर पाहिलं. "लेकरूच नाही मला. माझी बायको तेच दुःख घेऊन गेली. मग हे कुणाचं आहे ताई?"

मंजिरीताई कोनाड्याकडं बघत होत्या. आज पहाटे वात लावताना हात नेहमीसारखे चालले होते, पण मन कोरडं राहिलं होतं. उपासानं असेल, झोप झाली नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आता त्यांना समोर एक दगड दिसत होता. शेंदूर फासलेला, वीतभर उंचीचा. कुणीतरी मनापासून पुजत असावं, असा.

मागून केतकी आली. "इथं काय करताय दोघं? हे ठिकाण यादीत नाही."

ठवकर उठले. तिच्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी पुढं होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवलीस का बाई? सकाळपासून उभी आहेस नुसती."

"काका, तुम्ही तर अगदी आईसारखं बोलायला लागलात!" केतकी हसली. तिनं पाटीवर काहीतरी टिपून घेतलं.

मंजिरीताई तिच्याकडं बघत होत्या. तेहेतीस वर्षांची मुलगी. डाव्या भुवईत कापल्याची खूण, ती झोक्यावरून पडली तेव्हाची. सगळं ठाऊक होतं. शेजाऱ्यांकडं आलेल्या पाहुणीचा चेहरा चांगला असावा आणि आपण म्हणावं, किती गोड मुलगी आहे, तसं त्यांना वाटलं. तेवढंच वाटलं.

त्या संध्याकाळी पट्टी निघाली. पथ्य सुरू झालं. पंचवटीतलं घर बाराही ठिकाणांच्या मधोमध, म्हणून केतकी आईला गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मंजिरीताईंनी अंघोळ केली, पिशवीत तुपाची कुपी ठेवली, कापसाची वात वळून रुमालात गुंडाळली आणि पहिली बस धरली. पथ्य त्यांना समजलं नव्हतं असं नाही. पुरतं समजलं होतं. रोज गेलं की रोज 'परकं' लिहिलं जाणार. पण न जावं, तर ज्या जिवासाठी बोल दिला तो जीव. देवीपाशी दिलेला शब्द मोडला आणि त्या पोरीला काही झालं, तर? ती आपली वाटो न वाटो, बरंवाईट व्हायला तिचाच देह आहे ना?

"फिरायला जाते," असं त्या केतकीला सांगत. आल्यावर चहा घेत.

दिवस जात राहिले, आणि घरात काहीतरी निसटत राहिलं. आधी लहानसहान. फ्रिज उघडण्याआधी मंजिरीताई विचारायला लागल्या, "घेऊ का थोडं दूध?" केतकी म्हणे, "अगं, विचारतेस काय!" मग त्या आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागल्या. 'केतकी' अशी हाक मारण्याआधी किंचित अडखळत, जशी आपण नव्यानं ओळख झालेल्या माणसाचं नाव नीट आठवून घेतो. नवव्या दिवशी केतकीला ताप आला. मंजिरीताईंनी काढा केला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, वेळेवर गोळी दिली, सगळं यथास्थित. शेजारधर्म यापेक्षा चांगला कुणी पाळला नसता. पण पोरीला झोप लागताच त्या बाहेर येऊन पेपर वाचत बसल्या. ग्लानीत केतकीनं उशाशी हात फिरवला, तर तिथं कुणी नव्हतं.

तिला कळत होतं. ती रोज रात्री आईच्या कानामागं मापक टेकवून पाटीवर आकडे बघायची. बाराही ठिकाणं हळूहळू भरत होती, काळाराम तर जवळजवळ पूर्ववत झाला होता. मग हे काय? आईला काही आजार तर नसेल? तिनं गुपचूप एका मेंदूतज्ज्ञाची वेळ घेतली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ठवकरांचा फोन आला. केतकीच्या हाताला कणीक लागलेली होती, म्हणून तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कशी आहेस बाई? तब्येत सांभाळतेस ना?"

"मी मजेत, काका. तुम्ही?"

"काय सांगू? पट्टी काढून पंधरा दिवस झाले. नाशिक गेलं माझ्यातून, ते बरंच झालं, इथं भद्रावतीत काय करायचं त्याचं. पण ती पोरगी गेली ना, तिचं रिकामपण काही जात नाही. चार दिवस बाप होतो बघ मी. म्हणून विचारतो. ताई त्या कोनाड्यात वात लावतात ना अजून? रोजची पहाटेची? ते चार दिवस पहाट झाली की माझेच हात वात वळायला जायचे, त्यावरून म्हणतो. ती चुकवू नका म्हणावं. फार मोठं काहीतरी आहे ते."

केतकीचे हात परातीतच राहिले. तिनं आईकडं पाहिलं. मंजिरीताई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, परक्या घरी बसावं तशा.

फोन बंद झाल्यावर केतकीनं हात धुतले. पाटी आणली. बारा ठिकाणांच्या यादीबाहेरचा संकेत तिनं कधी उघडूनच पाहिला नव्हता. आता उघडला. एकच जागा होती, पण तिची मुळं वडाच्या पारंब्यांसारखी पसरलेली. घटना पाटीवर नव्हत्या, पण मुळांची टोकं जिथं जात होती त्यावरून बाकीचं तिनं जुळवलं. दवाखाना. अकरा दिवस. एक लहान मूल. बोलण्याची, हसण्याची, रडण्याची, मोठं होण्याची दहा हजारांवर सकाळी पुन्हा पुन्हा घेतलेली आठवण. आणि त्या सगळ्यावर गेले एकोणीस दिवस रोज 'परकं'चा एक पातळ, सफेद थर.

"आई," ती खाली बसत म्हणाली, "हे माझ्यासाठी होतं?"

मंजिरीताईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"म्हणून तू चेन्नईला आली नाहीस?"

मंजिरीताईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी तुला काय काय बोलले तेव्हा. एक शब्द तरी बोलायचास." मग तिनं पाटी पुढं ओढली. शेवटी ती शास्त्रज्ञ होती. "ऐक. पट्टी काढल्यापासून साठ दिवसांनी हा थर जसा असेल तसा कायमचा पक्का होतो. त्यातले सलग चाळीस दिवस विरजण हललं नाही पाहिजे. एकोणीस गेले. उद्यापासून धरलं तर जमेल. फार तर परवा. त्यानंतर मी तुझ्यासमोर जन्मभर उभी राहिले तरी तुला तुझी कुणी वाटणार नाही. तू उद्या जाऊ नकोस."

"मला समजतंय तुझं म्हणणं," मंजिरीताई हळुवार म्हणाल्या. हा हळुवारपणा त्या पस्तीस वर्षं प्रवाशांशी बोलताना वापरत आल्या होत्या. "पण तुला काही झालं तर?"

"मला काही होत नाही! चार वर्षांची होते मी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मी बरी झाले. आता तेहेतीस वर्षांची आहे. आई, मी तुझ्यासमोर धडधाकट बसले आहे, आणि तू मला वाचवायला रोज मला पुसून टाकते आहेस."

मंजिरीताईंनी डोळे मिटले. आत त्या त्या मुलीला शोधत होत्या, हे केतकीला दिसत होतं. बराच वेळ शोधून त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर अपराधी भाव होता, मागितलेली वस्तू घरात सापडली नाही की पाहुण्यासमोर यावा तसा.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या खाली उतरल्या, तर केतकी बसथांब्यावर आधीच उभी होती. अंघोळ केलेली, केस ओले, अंगात आईचीच जुनी सुती साडी, नेसायची सवय नसल्यानं निऱ्या एकीकडं गेलेल्या.

"मी काही विचारणार नाही," ती म्हणाली. "तू काही सांगू नकोस. एवढंच म्हणते, घरात कुणी आजारी पडलं की नेम मोडत नाहीत, घरातलं दुसरं माणूस करतं. आजीचा सोमवारचा अभिषेक तू नाही का केलास दोन वर्षं? चाळीस दिवस मी करते. मीही अन्नाचा कण घेणार नाही. मी लावते वात, तू घरी बस. देवीपुढं दिवाही लागेल, आणि तुझं पथ्यही राहील." तिनं हात पुढं केला. "दे."

मंजिरीताईंनी रुमाल उलगडला. वात होती. हे खरंच होतं की, घरचं माणूस नेम चालवतं. त्यांनी स्वतः चालवला होता. किती सोपी वाट होती, आणि ती त्यांना आजवर सुचली नव्हती. सुचणार कशी? एकोणतीस वर्षांत घरच्या माणसाला सांगायचंच नव्हतं.

त्यांनी वात दोन बोटांत धरली. समोरचा हात बघितला. चांगला हात होता. नखं कापलेली, मनगटावर घड्याळाचा पट्टा. ही माझी मुलगी, त्यांनी मनाशी म्हटलं. पुन्हा म्हटलं. शाळेत पाढा पाठ म्हणावा तसं. पाढा बरोबर होता. पण ज्या देवीनं एकोणतीस वर्षं फक्त माझ्या हातची वात घेतली, तिच्यापुढं हा हात... मन मागं सरलं. अनोळखी माणसाला देवघरात सोडताना सरतं तसं.

"नेम परक्याच्या हातून होत नाही गं," त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या. आपण काय बोललो, हे त्यांना कळलं. एकोणतीस वर्षं न सांगितलेलं या एका वाक्यात सांगून झालं होतं. आकाश कोसळलं नाही. समोरची मुलगी उभीच होती. फक्त तिनं पुढं केलेला हात खाली घेतला आणि निऱ्या नीट केल्या.

बस आली. मंजिरीताई चढल्या. मागोमाग केतकीही चढली. तिनं आईला अडवलं नाही. पोरीनं आईला हाताला धरून मागं ओढावं, तेवढं नातं त्या थांब्यावर उरलं नव्हतं. दोघी शेजारी बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. खिडकीबाहेर गाव उजळत होतं. एकीला ते ओळखीचं होतं, एकीला पुन्हा ओळखीचं होत होतं.

अशोक स्तंभाशी झेंडूची मोठी पाटी घेऊन एक म्हातारी चढली. समोरच्या बाकावर टेकली, दम घेतला आणि पदरानं तोंड पुसत दोघींकडं पाहू लागली. एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून एकीकडं. मग तिचा चेहरा फुलला.

"काय माय, तोंडवळा तर एकच हाय! लेक का ही तुझी?"

केतकीनं आईकडं बघितलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली, श्वास धरून. उद्याचा एक दिवस अजून हातात होता. बस पुलावर चढली, खाली गंगा दिसायला लागली. म्हातारीला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिनं पुढं वाकून, जरा मोठ्यानं पुन्हा विचारलं,

"लेक का गं तुझी?"